रुमालाखालचा हात

गिरजाकाकींच्या घरात मिरची शिजत नसे. जळगाव जामोदच्या मिरचीबाजारात ज्यांच्या ओट्यावर सातपुड्याच्या पायथ्याकडच्या बैलगाड्या रांगेनं उभ्या राहायच्या, त्या बाईच्या चुलीवर फिकं वरण आणि ताकातली भाजी असायची. तिखटानं त्यांच्या पोटात आग पडायची. "दिवसभर नाकानं खातोच न मी, मंग ताटात कायले पाह्यजे?" असं म्हणून त्या मला आणखी एक पळी वरण वाढायच्या, आणि नाशिककडच्या काळ्या मसाल्यावर वाढलेली मी ते मुकाट्यानं गिळायची. त्या भागात बायकाही 'मी जातो, मी खातो' असंच बोलतात. पहिले काही दिवस मला ते कानाला खुपलं, नंतर मीच सुट्टीत घरी जाऊन आईला 'येतो गं' म्हणाले आणि बोलणी खाल्ली.

मी तिथल्या मुलींच्या शाळेवर शिक्षिका म्हणून गेले तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. वर्गातला नकाशा जुनाच होता आणि नवी हद्द मी त्यावर बोटानं दाखवत असे. नोकरी होती, पण राहायला जागा नव्हती. एकट्या बाईला खोली द्यायची म्हटलं की लोक आधी माझ्याकडे आणि मग माझ्या ट्रंकेकडे बघायचे. शेवटी काकींनी दुकानावरची माडी दिली. "शिकवते ना? मंग आपलं पोट आपुन भरते. राहा," एवढीच त्यांची चौकशी. मिरचीच्या हंगामात पहिला आठवडा मी नुसती शिंकत होते. वरून शिंक आली की खाली सौदा थांबायचा, कारण एकटी शिंक अपशकुनाची. मग काकींची हाक यायची, "मास्तरीणबाई, अजून एक द्या! जोडीची चालते!"

बुटक्या, काळ्यासावळ्या, नाकात चमकी, कपाळावर मोठं कुंकू, आणि पायात मात्र पुरुषी कातडी वहाणा. बायकी चपला मिरचीच्या ढिगात टिकत नाहीत, हे त्यांचं म्हणणं. गाडीतली मिरची त्या डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त पाहायच्या. एक मिरची देठाला धरून कानाशी न्यायच्या आणि हलवायच्या. बी खुळखुळलं तर माल वाळलेला. नाही वाजलं तर शेतकऱ्याला म्हणायच्या, "भाऊ, ही अजून मुकी आहे. दोन उन्हं दाखवून आन." शेतकरीही मुकाट्यानं गाडी वळवायचा, कारण ओली मिरची खपवून देणारी ही बाई नव्हे, तशी वाळलेली मिरची मातीमोल जाऊ देणारीही नव्हे, हे त्याला ठाऊक होतं.

दुकान अडतीचं. शेतकऱ्यानं माल आणायचा, अडत्यानं व्यापाऱ्यांकडून भाव घ्यायचा आणि चांगल्यात चांगल्या भावाला तो विकून द्यायचा आणि त्यावर आपली अडत, म्हणजे दलाली, घ्यायची. दारावरच्या पाटीवर नाव होतं ते काकींच्या यजमानांचं, नामदेवरावांचं. पांढरं धोतर नेसलेले, मऊ आवाजाचे नामदेवराव गादीवर लोडाला टेकून बसायचे. काकी गादीवर कधी बसल्या नाहीत. नवऱ्याच्या मागे, दाराच्या उंबऱ्याला लागून एक दुमडलेलं पोतं असे, त्यावर बसून त्या मिरच्यांचे देठ खुडायच्या. परगावच्या माणसाला वाटावं, घरची बाई वेळ घालवते आहे.

त्या काळी तिथे भाव तोंडानं बोलत नसत. अडत्या आणि व्यापारी समोरासमोर बसायचे, दोघांच्या हातांवर एक मोठा रुमाल टाकायचा आणि रुमालाखाली बोटं धरून भाव सांगायचा. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, तळहातावर अंगठा ओढला की अर्धा. एक व्यापारी उठला की दुसरा बसायचा. कोणी किती सांगितलं ते फक्त अडत्याच्या हाताला कळायचं. शेवटी अडत्या एका नावाचा पुकारा करायचा आणि माल त्याचा व्हायचा. बिचारा शेतकरी सगळा वेळ त्या हलत्या रुमालाकडे बघत उभा असायचा.

माझ्या माडीचा जिना दुकानातूनच, गादीच्या मागून उतरायचा. एका सकाळी शाळेला निघाले तर दिसलं की नामदेवरावांचा उजवा हात रुमालाखाली व्यापाऱ्याच्या हातात आहे, आणि डावा हात पाठीमागे काकींच्या तळहातात आहे. मी चपापले. भर बाजारात, ओट्यावर नवऱ्यानं बायकोचा हात धरावा हे मी कुठे पाहिलं नव्हतं. मान खाली घालून मी सटकले. चार-पाच बाजार तेच दिसल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उजव्या हाताला जे कळायचं ते डावा हात तसंच्या तसं मागे पोचवत होता. काकी ऐकायच्या, म्हणजे हातानं ऐकायच्या, आणि पटलं की त्या पंजाला एक चिमटा काढायच्या. मग नामदेवराव गंभीरपणे खाकरून नावाचा पुकारा करायचे. बाजार त्यांना पक्का अडत्या म्हणायचा. ते ऐकलं की काकी देठ खुडता खुडता गालात हसायच्या.

"तुम्हाला वाईट नाही वाटत?" मी एकदा विचारलं. मी तरुण होते आणि मला सगळ्याचंच वाईट वाटायचं.

"कायचं वाईट? त्यायले बसता येते, मले समजते. दोघांचं मिळून एक दुकान चालते." मग म्हणाल्या, "पन एकदा गादी कशी लागते ते पाहावं वाटते. मऊ असन नाई?"

त्यानंतरच्या हंगामात नामदेवरावांना लकव्याचा झटका आला. उजव्या अंगावरून गेला. पाय थोडा ओढू लागला, तोंड किंचित वाकडं झालं, पण बोलणं शाबूत राहिलं. महिन्याभरानं ते पुन्हा गादीवर येऊन बसले. हात उचलता येत होता, त्यामुळे सगळ्यांना वाटलं, निभावलं.

आणि एका बाजाराला ते घडलं. पायथ्याकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची उत्तम मिरची होती. बाजारातले दोन मोठे व्यापारी, बन्सीशेठ आणि गफूरभाई, एकामागून एक बसून गेले. नामदेवरावांनी बन्सीशेठच्या नावाचा पुकारा केला. गफूरभाई वयानं मोठे, शांत गृहस्थ. ते जाता जाता थांबले आणि म्हणाले, "नामदेवभाऊ, बन्सीशेठनं किती दिला मले इचारायचा हक नाई. पन मी पाची बोटं धरली होती. त्याच्यावर कोन गेलं?"

मागे काकींच्या हातातला देठ तसाच राहिला. त्यांना गफूरभाईंची तीनच बोटं कळली होती. बन्सीशेठची चार कळली, म्हणून त्यांनी चिमटा काढला होता. नामदेवरावांच्या उजव्या हाताला स्पर्शच कळत नव्हता. गेले कित्येक बाजार ते समोरच्याच्या चेहऱ्यावरून अंदाज करत होते आणि तोच अंदाज डाव्या हातानं बायकोला सांगत होते. म्हाताऱ्या शेतकऱ्यानं फक्त काकींकडे पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं काकी नंतर म्हणाल्या.

"हात मेला हे मले काऊन नाई सांगितलं?" त्यांनी आत गेल्यावर नवऱ्याला विचारलं. मी जिन्यात होते, मला ऐकू येत होतं.

नामदेवराव म्हणाले, "माहा हात गेला म्हनलं असतं, तं तुह्या हाताची पाळी आली असती."

पुढचा बाजार येईपर्यंत घरात कोणी धड जेवलं नाही. नामदेवरावांचा धाकटा भाऊ वासुदेव रोज येऊन बसू लागला. त्याचं स्वतःचं किराणा दुकान बुडालं होतं आणि अडतीच्या गादीवर त्याचा डोळा पहिल्यापासून होता. आता त्याच्या हाती मुद्दाही होता. "वहिनी, गादीवर बसाले हात लागते. अन् परक्या मानसाच्या हातात हात देनारा मानूसच लागन. तुम्ही घर पाहा." यात खोटं काय आहे, असं गल्लीतल्या बायकासुद्धा म्हणत होत्या. काकी आपल्या जुन्या पोत्यावर बसायच्या आणि समोरच्या रिकाम्या गादीकडे बघत राहायच्या. दुकान वासुदेवाकडे गेलं की त्यांच्या वाट्याला ते पोतंही राहणार नव्हतं, हे मला दिसत होतं. सकाळी उठल्यावर आधी कानाशी मिरची नेणारी ही बाई त्यानंतर काय करेल, याचा मला विचारही करवेना.

बाजाराच्या सकाळी मी खाली उतरले तर वासुदेव आधीच गादीवर येऊन बसला होता, खांद्यावर नवा रुमाल टाकून. बाहेर गाड्या लागल्या होत्या, पण एकही पोतं उतरलेलं नव्हतं. शेतकरी जू धरून उभे. आभाळ भरून आलं होतं, अवकाळी, आणि मिरचीला एक सर लागली तरी काळी पडते. मी शाळेची वेळ विसरून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबले.

काकी बाहेर आल्या. पहिल्या गाडीवाल्याला विचारलं, "भाऊ, माल कोनाच्या भरवशावर आनला?"

"तुमच्या, काकी."

काकी दिराकडे वळल्या. "भाऊजी, उठा."

"अन् रुमालाखाली हात कोन देईन? तुम्ही?" वासुदेव मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"हाव. मी देतो."

वासुदेवानं आजूबाजूला पाहिलं. कोणी त्याच्या बाजूनं बोललं नाही आणि कोणी काकींच्याही बाजूनं बोललं नाही. तो उठला, पण गेला नाही. खांबाला टेकून उभा राहिला. काकींनी पदराला तळहात पुसला, पदर खोचला आणि आयुष्यात पहिल्यांदा गादीवर बसल्या. आतल्या खोलीत खाटेवर नामदेवराव होते. दार उघडं होतं.

पहिला मान गफूरभाईंचा. ते पुढे आले, समोर बसले, रुमालाकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. "भाभी, माफ करा. तुमच्या हाताले हात लावनं माह्याच्यानं होनार नाई." ते उठून निघून गेले. त्यांनी ते अगदी आदरानं केलं, पण काकींचा चेहरा पडलेला मी पाहिला. आदरानंसुद्धा धंदा बसतो, हे मला तिथे कळलं.

मग बन्सीशेठ बसले. त्यांना कसलीच अडचण नव्हती. रुमाल पडला. नेहमी हा सगळा प्रकार पापणी लवण्याआधी आटपायचा. या वेळी मात्र रुमाल हलतच राहिला. बन्सीशेठ आभाळाकडे बघत, पानाचा रस गिळत, अगदी सावकाश बसले होते. रस्त्यावर कोणीतरी खाकरलं. काकींचा डावा हात मला मागून दिसत होता. तो पाठीमागे, त्या रिकाम्या पोत्यावर टेकला होता आणि त्याची मूठ वळत चालली होती. ओरडावंसं वाटलं, पण ओरडून काय सांगणार? जे चाललं होतं ते तर रुमालाखाली होतं.

काकींनी डाव्या हातानं रुमाल ओढून काढला.

भर बाजारात सगळ्यांनी पाहिलं. बन्सीशेठनी काकींचं मनगट धरलेलं होतं आणि त्यांचा अंगठा बांगड्यांच्या वर फिरत होता. हात ओढून घ्यायलाही त्यांना सुचलं नाही.

"शेठ, हा कोनता भाव आहे?" काकींचा आवाज चढला नव्हता. "आमच्या मानसानं मले सगळे भाव शिकवले. हा नाई शिकवला."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. बन्सीशेठ उठले, धोतर झटकलं, "बाईच्या ओट्यावर धंदा करायचे दिवस आले," असं काहीतरी पुटपुटत निघाले. काकींनी रुमालाची घडी घालून मांडीखाली ठेवली आणि मोठ्यानं म्हणाल्या, "आजपासून या ओट्यावर भाव तोंडानं. ज्याले घ्यायचं त्यानं सगळ्यायसमोर बोलावं. बोलाची लाज वाटत असन त्यानं येऊ नये."

व्यापाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. भाव उघड बोलायचा म्हणजे शेजारच्याला कळणार, शेतकऱ्याला कळणार, उद्या दुसऱ्या ओट्यावरही तोच मागितला जाणार. एकेक जण पाय काढत गेला. ओट्यासमोर फक्त मिरची उरली, तिच्यावर वाकलेलं काळं आभाळ उरलं आणि खांबाला टेकलेला वासुदेव. "झालं समाधान?" तो म्हणाला.

मला शाळेत जावं लागलं. त्या दिवशी मी मुलींना काय शिकवलं ते देव जाणे. खिडकीतून सारखी ढगांकडे बघत होते. मधल्या सुट्टीत धावत आले तर काकी तशाच गादीवर बसलेल्या. दोन गाड्या दुसरीकडे वळल्या होत्या. बाकीचे शेतकरी ढिगांवर तट्टे टाकून उकिडवे बसले होते. काकींचे ओठ कोरडे पडले होते. मी पाण्याचा तांब्या पुढे केला तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. उठल्या असत्या तर वासुदेव बसला असता.

शाळा सुटल्यावर मी परतत होते आणि गल्लीच्या तोंडाशीच मला गफूरभाईंचा आवाज ऐकू आला. ते ओट्यावर चढले नव्हते. रस्त्यातच, मिरचीच्या ढिगापाशी उभे राहून, मान खाली घालून, एखाद्या मुलानं पाठ म्हणावा तसा त्यांनी भाव म्हटला. सवय नव्हती ना. बोलून झाल्यावर स्वतःच दचकले. मग म्हणाले, "भाभी, मागच्या बाजाराले माही पाच बोटं वाया गेली. तोंडानं बोललं तं वाया जात नाई."

एकाचा आवाज फुटल्यावर दुसऱ्याचा फुटला. कोपऱ्यावर रेंगाळणारे आणखी दोघे आले. कोणीतरी गफूरभाईंच्या वर बोललं, गफूरभाई त्याच्या वर बोलले. शेतकरी उठून उभे राहिले होते आणि प्रत्येक बोलाला एकमेकांची तोंडं पाहत होते. त्यांचा माल केवढ्याला जातो हे जन्मात पहिल्यांदा ते स्वतःच्या कानांनी ऐकत होते. पावसाचे टपोरे थेंब पडू लागले तेव्हा शेवटची पोती व्यापाऱ्यांच्या गोदामात चालली होती. वासुदेव कधी गेला ते कोणाला कळलंही नाही.

मला वाटलं, काकी आता हसतील. मी आत गेले तर त्या परसातल्या दगडावर बसून राखेनं उजवा हात घासत होत्या. मनगटाची साल निघायची वेळ आली होती. मी तो हात धरून बाजूला केला.

"मास्तरीणबाई, खरं सांगू? मेल्यानं आधी भाव चांगला दिला होता. शेवटी लागला त्याच्या वरचा. मंग मनगट धरलं. जराशिक दम खाल्ला असता तं त्या लोकायचे चार पैसे जास्त झाले असते." त्या माझ्याकडे बघत होत्या. "अडत्यानं मालाचा इचार कराव का आपल्या हाताचा? मी तं बाईसारखी वागली."

मला संताप आला. त्यांचा नव्हे, त्यांना असा हिशेब मांडायला लावणाऱ्या सगळ्यांचा. "काकी, माणसासारख्या वागलात," मी म्हणाले. त्यांना ते पटलं नाही. त्या दिवशी त्यांनी कोणाही शेतकऱ्याकडून अडत घेतली नाही.

नामदेवराव पुढे बरेच दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. आतून त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी ताट घेऊन गेले की भिंतीकडे तोंड करून म्हणायचे, "मी जिता आहे न अजून." गल्लीतल्या बायकांनी त्या संक्रांतीला काकींना हळदीकुंकवाचं बोलावणं केलं नाही. बन्सीशेठ तर त्या ओट्यासमोरून जाताना मान फिरवायचे. पण गाड्या वाढल्या. भाव ऐकू येतो म्हणून लांबलांबचे शेतकरी येऊ लागले, आणि शेतकरी जिथे जातील तिथे व्यापाऱ्यांना नाइलाजानं यावंच लागलं. पुढे तर सगळ्या बाजारालाच नियम लागला, रुमाल बंद, बोली उघड. तो नियम कोणाच्या ओट्यावर सुरू झाला याची आठवण तोवर कोणी ठेवली नव्हती, आणि काकींनीही करून दिली नाही. पाटीवर नामदेवरावांचंच नाव राहिलं. मी एकदा विषय काढला, तर म्हणाल्या, "राहू द्या. रंगाऱ्याले कोन बलावते."

माझी नाशिकला बदली झाली तेव्हा नामदेवरावांना दुसरा झटका येऊन गेला होता. वाचा गेली. डोळे तेवढे बोलायचे.

मी ट्रंक घेऊन खाली उतरले. बाजार उठला होता, ओट्यावर उतरतं ऊन होतं, झाडलेल्या जागीही लाल भुकटी उरली होती. काकी गादीवर बसल्या होत्या, वहाणा खाली सोडून. त्यांच्या मागे, दाराजवळच्या त्या जुन्या पोत्यावर, उशा लावून नामदेवरावांना बसवलं होतं. काकी माझ्याशी बोलत होत्या, पत्र टाका, नाशकात मिरची कशी आहे ते कळवा, फिकं खात जा. बोलताना त्यांचा एक हात पाठीमागे होता. नामदेवरावांच्या मांडीवर तो जुना रुमाल पसरला होता आणि रुमालाखाली काहीतरी हलत होतं.

मी बघते आहे हे पाहून त्या लाजल्या. "आजचा भाव सांगून राह्यली यायले," त्या म्हणाल्या. "डावा हात चांगला आहे न. रोज सांगतो."

रुमाल हलायचा थांबला. मग दुसऱ्या बाजूनं हलला, हळूहळू, अडखळत. काकी बोलता बोलता गप्प झाल्या आणि मान कलती करून लक्ष देऊ लागल्या, कानाशी मिरची धरल्यावर द्यायच्या तसं. नामदेवरावांच्या वाकड्या तोंडावर मला एक मिश्किल रेघ दिसली.

"पाहा न मास्तरीणबाई," काकींचे डोळे भरून आले होते आणि त्या हसत होत्या, "मी पाच सांगितले, तं हा मानूस म्हन्ते सहा पाह्यजे होते."

कोपऱ्यावर एसटीचा हॉर्न वाजला. मी ट्रंक उचलून निघाले. वळणावरून मागे पाहिलं तेव्हा काकी गादीवरून अर्ध्या मागे वळल्या होत्या आणि रुमालाखाली त्या दोघांची घासाघीस चालूच होती.